करमुक्त आणि हक्कमुक्त

परदेशात पीएच.डी.साठी किंवा पोस्टडॉक म्हणून निघालेल्या मुलामुलींना आपल्याकडचे वडीलधारे शास्त्रज्ञ एक सल्ला हमखास देतात. शिष्यवृत्तीचं पत्र आलंय ना, मग डोळे मिटून घ्या. ती करमुक्त असते, तिच्यातून काही कापलं जात नाही, महिन्याकाठी चार पैसे जास्तच उरतात. आजारपणाचं काय, असं विचारलं तर उत्तर तयार असतं : एखादी बरी पॉलिसी काढा. पेन्शन, बेकारी भत्ता ही तिथल्या लोकांची कौतुकं. तुम्ही तीन-चार वर्षांचे पाहुणे. एवढ्यावरही कुणी घुटमळलंच तर शेवटचं अस्त्र बाहेर निघतं. संशोधनाला निघालायस की नोकरीला?

हा सल्ला आपुलकीनं दिला जातो, म्हणूनच तो कुणी तपासून पाहत नाही. देणाऱ्यांपैकी बरेच जण तरुणपणी दोन बॅगा घेऊन गेले, धडधाकट परतले, इथे कायमच्या नोकरीला लागले. ती नोकरी १ जानेवारी २००४च्या आधीची आणि केंद्र सरकारच्या संस्थेतली असली तर जुन्या पद्धतीची पेन्शनही पदरात पडली. त्यांच्या बाबतीत काही बिघडलं नाही, एवढाच या सल्ल्याचा पुरावा. आज निघालेली मुलगी दोन-तीन देश फिरून परत येईल तेव्हा पस्तिशीला टेकलेली असेल. तोवर तिच्या नावावर ना पीएफ असेल, ना पेन्शनचं खातं. तिला जुन्यांचा अनुभव सांगून उपयोग नाही.

माझं म्हणणं असं की, प्रश्न कोणती पॉलिसी घ्यावी हा नाहीच. प्रश्न नेमणुकीचा कागद कोणता आहे हा आहे. नोकरीचा करार असेल तर विमा, पेन्शन, बाळंतपणाची रजा, अपघाताची भरपाई हे सगळं त्या कागदाच्या मागोमाग कायद्यानं येतं. स्टायपेंडचं पत्र असेल तर त्यातलं काहीच येत नाही, आणि जे येत नाही ते बाजारातून एका पॉलिसीत विकत आणता येत नाही.

जर्मनीचं उदाहरण घेतो. पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांतून तिकडे जाणाऱ्यांची रीघ आहे, आणि हे दोन्ही कागद तिथे एकाच प्रयोगशाळेत, शेजारशेजारच्या टेबलांवर नांदत आले आहेत. महिना ३,००० युरो पगाराचा करार धरू. त्यातून पेन्शनसाठी ९.३ टक्के, बेकारी विम्यासाठी १.३ टक्के, आरोग्य विम्याचे साडेआठ टक्क्यांच्या आसपास आणि वृद्धापकाळातल्या शुश्रूषेच्या विम्याचे साधारण दोन ते अडीच टक्के जातात. एकूण कपात एकवीस-बावीस टक्क्यांची, म्हणजे साधारण साडेसहाशे युरो, आयकर वेगळा. पगारपत्रक पाहून कुणाच्याही पोटात खड्डा पडावा असाच हा आकडा आहे. शेजारच्या टेबलावरच्या स्टायपेंडवाल्याला यातलं काहीच भरावं लागत नाही. सल्लागारांचं गणित इथे थांबतं. आपण ते पुढे नेऊ.

कपात झालेल्याच्या हातात काय असतं? तो सरकारमान्य क्रांकेनकासेचा, म्हणजे आरोग्य विमा निधीचा, सभासद होतो. त्याला आधीपासून मधुमेह आहे का, दमा आहे का, हे तिथे कुणी विचारत नाही. वर्गणी पगारावर ठरते, प्रकृतीवर नाही. बायको कमावती नसेल तर ती आणि मुलं त्याच वर्गणीत, एक युरोही जादा न भरता विमाधारक होतात. तो आजारी पडला तर सहा आठवडे संस्था पूर्ण पगार देते. त्यापुढे क्रांकेनकासे एकूण पगाराच्या सत्तर टक्क्यांपर्यंत भत्ता देते, आणि एकाच दुखण्यासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत तो चालू राहू शकतो. स्त्री संशोधक असेल तर बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे तिच्या हातात येणाऱ्या पगाराइतकी रक्कम मिळते, आणि या काळात तिला कामावरून काढता येत नाही.

स्टायपेंडवाला या सक्तीच्या विम्यात आपोआप येत नाही. तिशी ओलांडली की विद्यार्थ्यांचा सवलतीचा दरही त्याला बंद. मग तो परदेशी पाहुण्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त खासगी पॉलिसीकडे वळतो. त्या पॉलिसीची शेवटची पानं वाचावीत. आधीचे आजार वगळलेले. बाळंतपणाला काही महिन्यांची प्रतीक्षा. दातांच्या खर्चाला मर्यादा. आणि पॉलिसी ठरावीक वर्षांपुरतीच. साताऱ्याहून गेलेलं एक जोडपं डोळ्यांपुढे आणा : नवरा स्टायपेंडवर, बायकोला व्हिसा मिळाला आहे पण अजून काम नाही, एक मूल. तीन माणसांचे तीन हप्ते. करमुक्तीतून वाचलेले पैसे तिथेच निघून जातात, आणि एवढं भरूनही आजारी पडल्यावर घरखर्चाला पैसा देणारी तरतूद त्या पॉलिसीत नसतेच. पॉलिसी इस्पितळाचं बिल भरते. थांबलेली मिळकत ती भरून देत नाही.

मानाच्या फेलोशिपाही याला अपवाद नाहीत. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप मिळाली की गावाकडच्या वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि तो यावाच. पण तीही नोकरी नव्हे, स्टायपेंडच आहे. आरोग्य विमा फेलोनं आपला आपण काढायचा. त्यासाठीचा वाटा मासिक रकमेत धरलेला असतो. महिना-दीड महिन्याच्या भेटीसाठी आलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकाला हे चालून जाईल. दोन वर्षं संसारासकट राहणाऱ्या पोस्टडॉकचं तेवढ्यावर भागत नाही.

आता पेन्शन. परत येणाऱ्याला जर्मन पेन्शन काय करायची आहे, हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. वरच्याच पगाराचा हिशेब करू. पेन्शनची वर्गणी महिना २७९ युरो, आणि तेवढीच संस्थेची. चार वर्षांत स्वतःचे १३,३९२ युरो जमतात. एक युरो शंभर रुपयांचा धरला तर तेरा लाखांच्या वर. पाच वर्षांच्या आत युरोप सोडून भारतात परतलेल्या भारतीयाला दोन वर्षं थांबून हा स्वतःचा वाटा परत मागता येतो. संस्थेचा वाटा मात्र तिथेच राहतो. पाच वर्षं, म्हणजे साठ महिने पुरे झाले तर पैसे परत मिळत नाहीत, पण उतारवयात पेन्शनचा हक्क मिळतो आणि ती पेन्शन भारतात घेता येते. ‘कापून गेले’ म्हणून ज्यांच्या नावानं उसासे टाकले जातात, ते पैसे बऱ्याच अंशी असे आपल्याच नावावर पडून असतात. ते परत मागायचे असतात हेच अनेकांना कुणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

बेकारी विम्याचे तर महिन्याला ३९ युरो. प्रबंध सादर झाला, करार संपला, पुढची जागा अजून ठरायची आहे, हा काळ प्रत्येक संशोधकाच्या आयुष्यात येतो. तो अपघात नाही, या धंद्याची रीतच आहे. दोन वर्षं वर्गणी भरलेल्याला अशा वेळी वर्षभरापर्यंत हाती येणाऱ्या पगाराच्या साठ टक्के, मूल असेल तर सदुसष्ट टक्के भत्ता मिळू शकतो. राहण्याच्या परवान्यात काम शोधायची मुभा मात्र हवी. स्टायपेंडवाल्याला त्या महिन्यात शून्य. मग मिळेल ती जागा, मिळेल त्या गावी, मिळेल त्या अटीवर तो स्वीकारतो. त्याच्यापुढचा गाइड हे ओळखून असतो.

‘संशोधन ही नोकरी नव्हे’ या अस्त्राकडे येतो. हा वाद नुसत्या तत्त्वाचा राहिलेला नाही, तो न्यायालयात लढला गेला आहे. आंद्रेआ राकानेल्ली हा इटालियन विद्यार्थी बॉनच्या मॅक्स प्लांक रेडिओ खगोलशास्त्र संस्थेत पीएच.डी. करत होता, स्टायपेंडवर. अर्ध्या पदाचा नोकरीचा करारही तिथे अस्तित्वात होता. त्याचं म्हणणं असं की, तो पर्याय जर्मन विद्यार्थ्यांना मिळतो आणि आपल्यासारख्या परदेशी मुलांना मिळत नाही. बॉनच्या कामगार न्यायालयानं प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. १७ जुलै २००८ रोजी निकाल आला. ठरावीक काळ, दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम आणि त्याबद्दल मोबदला, हे तिन्ही असेल तर संशोधक कामगार ठरतो. तसं आहे का हे बॉनच्या न्यायालयानं तपासावं. आणि या संस्थेची मातृसंस्था मॅक्स प्लांक सोसायटी खासगी कायद्याखालची असली तरी कामगारांत राष्ट्रीयत्वावरून भेदभाव न करण्याचं बंधन तिच्यावरही आहे. नीट पाहा, न्यायालयानं पत्रावरचं शीर्षक विचारलं नाही. माणूस प्रत्यक्षात काय करतो, हे विचारलं.

राकानेल्ली ज्या कलमाच्या आधारे भांडला ते युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. पुण्याचा मुलगा त्याच टेबलावर बसला असता तरी त्याला ते कलम वापरता आलं नसतं. ज्याला दाद मागायला सर्वांत कमी जागा, त्यालाच सर्वांत कमी हक्कांचा कागद, अशी ही मांडणी होती. मॅक्स प्लांकमधल्या स्टायपेंडवाल्यांत परदेशी मुलांचा भरणा मोठा होता, हा योगायोग नव्हता.

पुढे तिथल्याच संशोधकांनी हा विषय लावून धरला आणि २०१५मध्ये मॅक्स प्लांकनं धोरण बदललं. त्या वर्षी जुलैपासून नव्या पीएच.डी. संशोधकांना स्टायपेंडऐवजी सामाजिक विम्यासह करार द्यायचं ठरलं. वर्षाला पाच कोटी युरोपर्यंतचा जादा भार संस्थेनं उचलला. तरुण संशोधकांवरच्या खर्चात सुमारे चाळीस टक्क्यांची वाढ. युरोपीय आयोगानं २००५च्या संशोधकांच्या सनदेत हीच शिफारस केली होती : आजारपण, अपत्यजन्म, बेकारी, पेन्शन यांचं संरक्षण संशोधकाला प्रत्येक टप्प्यावर मिळावं, पीएच.डी. करणाऱ्यालाही. आयोगाच्या मारी क्युरी योजनेत तर नोकरीचा करार हाच नियम आहे, स्टायपेंड अपवाद. तेव्हा ‘तिकडे असंच असतं’ हे म्हणणंही आता खरं राहिलेलं नाही.

संशोधन ही नोकरी नव्हे, साधना आहे, असं म्हणणाऱ्यांना मला प्रयोगशाळेची एक घटना सांगावीशी वाटते, अमेरिकेतली. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेहेरबानो संगजी ही तेवीस वर्षांची मुलगी टर्ट-ब्युटिल लिथियम हे रसायन सिरिंजमध्ये ओढत असताना त्यानं पेट घेतला. १६ जानेवारीला ती गेली. ती विद्यार्थिनी नव्हती, पगारी संशोधन साहाय्यक होती. म्हणूनच राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याला चौकशीचा अधिकार मिळाला, विद्यापीठाला दंड झाला, आणि पुढे विद्यापीठावर व प्राध्यापकावर फौजदारी आरोपही ठेवले गेले. त्याच टेबलावर तीच सिरिंज स्टायपेंडवरच्या विद्यार्थिनीच्या हातात असती तर त्या खात्याला दारातूनच परतावं लागलं असतं. आगीला हा फरक कळत नाही. जर्मनीतही अपघात विम्याची सगळी वर्गणी संस्था भरते, पण ती आपल्या नोकरांसाठी.

अमेरिकेबाबत समोरच्या बाजूचं एक म्हणणं मला मान्य आहे. जे-वन व्हिसावरच्या संशोधकाला पहिली दोन वर्षं तिथल्या सोशल सिक्युरिटीची वर्गणी भरावी लागत नाही, आणि ते त्याच्या फायद्याचंच आहे. कारण पुढे एच-वन-बी झाला की ७.६५ टक्के कापले जातात, पेन्शनचा हक्क मात्र चाळीस तिमाही, म्हणजे दहा वर्षं भरल्यावरच. तो व्हिसा साधारणपणे सहा वर्षांचा. भारत-अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे ही वर्षं कशातच धरली जात नाहीत. इथे ‘कापून गेले’ हा उसासा खरा आहे.

पण म्हणून पॉलिसीवाला सल्ला खरा ठरत नाही. जे-वनसाठी सरकारनं ठरवलेला किमान विमा पाहा. एका आजाराला एक लाख डॉलर. मायदेशी उपचाराला नेण्यासाठी पन्नास हजार. मृतदेह परत पाठवण्यासाठी पंचवीस हजार. शव घरी पोचवायची तजवीज नियमात आकड्यासकट आहे. गरोदर बाईसाठी त्यात आकडा नाही. अमेरिकन अतिदक्षता विभागात एक लाख डॉलर किती दिवस पुरतात, हे तिथे राहिलेल्या कुणालाही विचारावं. आणखी एक उलटी तऱ्हा तिथे बऱ्याच विद्यापीठांत दिसत आली आहे. गाइडच्या अनुदानातून पगार घेणारा पोस्टडॉक कर्मचारी असतो, त्याला विद्यापीठाचा आरोग्य विमा मिळतो. त्यानंच स्वतःच्या गुणांवर बाहेरची फेलोशिप मिळवली की तो कर्मचारी राहत नाही आणि सवलती आखडतात. बक्षीस जिंकल्याची ही शिक्षा. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पोस्टडॉकांनी संघटना बांधून २०१०मध्ये पहिला सामूहिक करार करून घेतला, तो अशाच भोगांतून.

ब्रिटनचं थोडक्यात. तिथे व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो, सगळ्या वर्षांचा एकदम. २०१५मध्ये तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४पासून १,०३५ आहे. तीन वर्षांच्या पोस्टडॉकला एकट्याचे ३,१०५ पौंड, साडेतीन लाख रुपयांच्या आसपास. जोडीदाराचे तेवढेच आणखी. शिवाय पगारातून कर आणि राष्ट्रीय विमा कापला जातोच. एकाच दवाखान्याचे दोनदा पैसे घेण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याबद्दल पॉलिसी काढून काहीही होत नाही.

यात आपलं सरकार कुठे आहे? करार करण्यात ते मागे नाही. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वीडन, कॅनडा, जपान अशा वीसेक देशांशी आपले सामाजिक सुरक्षेचे करार आहेत. पण त्यांचा मुख्य आधार म्हणजे इथल्या कंपनीनं तात्पुरता तिकडे पाठवलेला नोकर. हिंजवडीतल्या इंजिनियरला कंपनी फ्रँकफर्टला पाठवते, पीएफ कार्यालय त्याला प्रमाणपत्र देतं, तिकडची वर्गणी माफ होते. २०२५मध्ये ब्रिटनशी व्यापार कराराच्या जोडीनं जे ठरलं तेही याच साच्याचं : पाठवलेल्या नोकरांना तीन वर्षांपर्यंत दुहेरी वर्गणीतून सूट. विद्यापीठानं थेट नेमलेल्या पोस्टडॉकचं त्यात काही नाही.

जर्मनीशी झालेला, मे २०१७पासून लागू असलेला करार याहून पुढचा आहे. दोन्हीकडची विम्याची वर्षं जोडून पात्रता धरायची सोय त्यात आहे. तीन वर्षं जर्मनीत भरली, दोन वर्षं भारतात, झाली पाच. कागदावर सुरेख. पण भारतातली दोन वर्षं आणायची कुठून? आपल्याकडे जेआरएफवर, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपवर, काम करणारा कर्मचारी नसतोच. जानेवारी २०२३पासून त्याला महिना ३७,००० रुपये मिळतात, एसआरएफ झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. पीएफ नाही. पाच वर्षं प्रयोगशाळेत राबून तो जर्मनीला जातो तेव्हा जोडायला त्याच्याकडे एक महिनाही नसतो. मॅक्स प्लांकनं २०१५मध्ये टाकून दिलेली पद्धत आपण आपल्याच मुलांसाठी अजून चालवतो आहोत, आणि मग तीच मुलं परदेशी स्टायपेंडचं पत्र पाहून हरखतात, कारण दुसरा कागद असतो हेच त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

शिष्यवृत्तीला माझा विरोध आहे असा अर्थ कुणी काढू नये. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या मुलांना जी दारं उघडून देते, ती एरवी उघडली नसती. त्यात आरोग्य विम्याचा खर्चही धरलेला आहे. आपल्या माणसाला शिकायला पाठवणाऱ्या सरकारनं शिष्यवृत्तीच द्यावी. आक्षेप आहे तो परदेशी संस्थेनं काम करून घ्यायचं, शोधनिबंधावर आपलं नाव लावायचं, दिवाळीच्या दिवशीही पेशी जगवायला बोलवायचं, आणि मोबदल्याच्या कागदावर मात्र ‘शिक्षणासाठी मदत’ असं लिहायचं, याला.

राहता राहिला सल्लागारांचा सर्वांत वजनदार मुद्दा. प्रत्येकाला करार द्यायचा तर पैसा तेवढाच, म्हणजे जागा कमी होणार, आणि कमी झाल्या की पहिली कुऱ्हाड परदेशी मुलांवर. हे भय खोटं नाही. एका कराराचा खर्च संस्थेला स्टायपेंडपेक्षा बराच जास्त पडतो. पण या युक्तिवादात एक कबुली दडलेली आहे : परदेशी मुलगा हवा असतो तो स्वस्त पडतो म्हणून, आणि स्वस्त पडतो कारण आजारपणाची, बाळंतपणाची, बेकारीची जोखीम तो स्वतःच्या अंगावर घेतो. त्या जोखमीचे पैसे सरतेशेवटी भरतात ते कोल्हापूरचे किंवा अकोल्याचे आईवडील, मुदत ठेव मोडून. एका श्रीमंत देशाच्या विज्ञानाला हा वाटा त्यांनी का द्यावा, हे कुणी सांगत नाही. मॅक्स प्लांकनं जागा छाटून प्रश्न सोडवला नाही, पैसा वाढवला; तो वाढवता येत होता आणि आधीची कैक वर्षं वाढवला नव्हता.

म्हणून निघणाऱ्यांनी होकार कळवण्याआधी त्या संस्थेला एक ई-मेल करावा. मला देऊ केलेला कागद नोकरीच्या कराराचा आहे की स्टायपेंडचा? स्टायपेंडचा असेल तर तो करारात बदलून मिळेल का? आणि याच गटात याच कामाला घेतलेल्या तुमच्या देशाच्या मुलालाही हाच कागद दिला आहे का? भाषा नम्र ठेवावी, उत्तर लेखी मागावं.